श्वासाचे अभ्यासक : स्वामी कुवलयानंद

श्वास घेणे हे फुप्फुसांचे काम आहे, असे आपण सहज म्हणून जातो. प्रत्यक्षात फुप्फुसांना स्वतःहून फुगता येत नाही. छाती आणि उदर यांच्यामध्ये घुमटाच्या आकाराचे श्वासपटल असते. ते आकुंचन पावून खाली सरकते. बरगड्यांमधील स्नायू छातीचा पिंजरा वर व बाहेर उचलतात. छातीच्या पोकळीतील दाब बाहेरच्या हवेपेक्षा किंचित कमी होतो आणि मग हवा आपोआप आत येते. हे घडत असताना श्वासपटलाखालचे यकृत, जठर आणि आतडी खाली दाबली जातात व पोट पुढे येते. उदरातला दाब वाढला आणि छातीतला घटला, की शरीराच्या खालच्या भागातून परतणारे रक्त मोठ्या नीलेतून हृदयाकडे अधिक वेगाने ओढले जाते. श्वास आत घेताना नाडी थोडी जलद होते, सोडताना थोडी मंदावते. श्वासाचा ताल मेंदूच्या तळाशी असलेले मस्तिष्कपुच्छ सांभाळत असते. एवढ्या एका साध्या क्रियेत श्वसनसंस्था, स्नायुसंस्था, रक्ताभिसरण संस्था आणि चेतासंस्था एकमेकींत गुंतलेल्या असतात, आणि पचनसंस्थेलाही त्या हालचालीतून सुटका नसते.

श्वासावर आणि पोटाच्या स्नायूंवर असामान्य ताबा मिळवणारे योगी भारतात शतकानुशतके होऊन गेले. परंतु त्यांच्या क्रियांच्या वेळी शरीराच्या आत नेमके काय घडते, हे उपकरणांनी मोजून पाहण्याची कल्पना फारशी कोणाला सुचली नव्हती. योगी मंडळींना त्याची गरज वाटत नव्हती आणि डॉक्टर मंडळींना तो विषयच आपला वाटत नव्हता. या दोघांच्या मधल्या मोकळ्या जागेत एक मराठी शिक्षक जाऊन उभा राहिला. जगन्नाथ गणेश गुणे हे त्यांचे नाव. पुढे स्वामी कुवलयानंद या नावाने ते सर्वत्र परिचित झाले.

जगन्नाथ यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी बडोद्याजवळील डभोई या गावी झाला. वडील गणेश लक्ष्मण गुणे शिक्षक होते. आईचे नाव सरस्वती. घरची परिस्थिती हलाखीची होती. काही काळ तर इतरांच्या मदतीवर दिवस काढावे लागले. शिक्षणासाठी जगन्नाथांना पुष्कळ झगडावे लागले. पण बुद्धी तल्लख होती. १९०३ साली मॅट्रिकच्या परीक्षेत त्यांना संस्कृतसाठी असलेली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळाली. त्या काळी हा मान मिळवणाऱ्या विद्यार्थ्याकडे सारे मोठ्या आदराने पाहत असत. या शिष्यवृत्तीच्या आधारावर त्यांनी बडोदा कॉलेजात प्रवेश घेतला आणि १९१० साली ते पदवीधर झाले.

बडोद्याचे ते दिवस मोठे भारलेले होते. श्री अरविंद घोष तेथे अध्यापन करीत होते आणि लोकमान्य टिळकांच्या विचारांनी तरुणांची मने पेटून उठली होती. जगन्नाथांवर या दोघांचाही प्रभाव पडला. आयुष्य देशकार्याला वाहायचे, विवाह करायचा नाही, असा निश्चय त्यांनी विद्यार्थिदशेतच केला. याच शहरात जुम्मादादा व्यायामशाळा होती आणि राजरत्न माणिकराव तेथे तरुणांना मल्लविद्या, शस्त्रविद्या आणि भारतीय पद्धतीचे व्यायाम शिकवीत. १९०७ ते १९१० या काळात जगन्नाथ त्यांचे शिष्य होते. आखाड्यातल्या मातीशी झालेली ही ओळख दुर्लक्ष करण्यासारखी नाही. स्नायू, सांधे आणि दम यांची भाषा त्यांनी पुस्तकातून शिकण्यापूर्वी अंगावर घेतली होती.

पदवीनंतर त्यांनी खानदेशात शिक्षणाचे काम स्वीकारले. अमळनेर येथे खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या उभारणीत त्यांनी भाग घेतला आणि १९१६ साली तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे ते प्राचार्य झाले. याच अमळनेरात पुढे १९२४ पासून साने गुरुजींनी शिक्षक म्हणून काम केले, हे मराठी वाचकाला ठाऊक असते. त्याच गावाने त्याआधी गुणे यांच्यासारखा प्राचार्य पाहिला होता, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. महाविद्यालयातील राष्ट्रीय वृत्ती ब्रिटिश सरकारच्या डोळ्यांवर आली आणि १९२० साली ते बंद पाडण्यात आले. सदतीस वर्षांच्या, अविवाहित, साठवलेला पैसा नसलेल्या प्राचार्यांपुढे मोठाच प्रश्न उभा राहिला असणार. परंतु त्याआधी वर्षभर त्यांच्या आयुष्याला एक वेगळे वळण लागले होते.

नर्मदेच्या काठी मालसर नावाचे गाव आहे. तेथे परमहंस माधवदासजी नावाचे वयोवृद्ध बंगाली योगी राहत असत. १९१९ साली गुणे त्यांच्याकडे गेले आणि योगसाधना शिकू लागले. मुंबईत १९१८ साली योगसंस्था स्थापन करणारे श्री योगेंद्र हेही याच माधवदासजींचे शिष्य. एकाच गुरूच्या दोन शिष्यांनी योगाला आश्रमाबाहेर, सामान्य माणसाच्या घरापर्यंत आणले, ही लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. १९२१ साली माधवदासजींचे निधन झाले. गुणे यांना गुरूंचा सहवास फार थोडा लाभला; पण त्या थोड्या काळात त्यांनी जे अनुभवले, त्याने ते अस्वस्थ झाले. ही अस्वस्थता श्रद्धेच्या अभावी आलेली नव्हती. शरीरात होणारे बदल त्यांना स्पष्ट जाणवत होते, त्यांच्याविषयी ग्रंथांत वर्णनेही होती, परंतु ते बदल कशामुळे होतात, याचे आजच्या शास्त्राच्या भाषेतले उत्तर कोठेच नव्हते. गुरूवर निष्ठा असूनही प्रश्न विचारता येतो, असे मानणारा हा शिष्य होता.

१९२०-२१ मध्ये त्यांनी बडोदा संस्थानच्या रुग्णालयातील प्रयोगशाळेत काही विद्यार्थ्यांना सोबत घेऊन प्रयोगांना आरंभ केला. रंटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध १८९५ साली लावला होता. म्हणजे ते साधन जेमतेम पंचवीस वर्षांचे होते आणि भारतात तर मोजक्याच रुग्णालयांत होते. ते रोग शोधण्यासाठी वापरले जाई. निरोगी माणसाला क्ष-किरण यंत्रापुढे उभे करून त्याला योगक्रिया करायला सांगणे, हे पाहणाऱ्यांना विचित्रच वाटले असेल.

अभ्यासासाठी त्यांनी निवडलेल्या क्रिया होत्या उड्डियान बंध आणि नौली. ही निवड विचारपूर्वक केलेली दिसते. उड्डियानात प्रथम श्वास पूर्णपणे बाहेर सोडतात. नंतर कंठद्वार बंद ठेवून, हवा आत येऊ न देता, श्वास घेतल्यासारखी छाती फुगवतात. छातीची पोकळी मोठी होते, पण तिच्यात भरायला हवा मिळत नाही. साहजिकच आतला दाब घटतो आणि सैल सोडलेले श्वासपटल वर खेचले जाते. त्याच्यामागोमाग उदरातील इंद्रियेही वर सरकतात आणि पोट पाठीला लागल्यासारखे खोल जाते. नौलीमध्ये याच स्थितीत पोटाच्या मध्यभागी असणारे दोन उभे स्नायू आवळून पुढे काढतात. ते जाड दोरखंडासारखे उठून दिसतात. साधकाला सराव झाला, की हा दोरखंड डावीकडून उजवीकडे फिरवताही येतो.

आता हठयोगाच्या ग्रंथांत बस्ती नावाची एक शुद्धिक्रिया सांगितली आहे. साधक पाण्यात बसून गुदद्वारात छोटी नळी ठेवतो आणि पोटाची विशिष्ट क्रिया करून पाणी मोठ्या आतड्यात ओढून घेतो. कोणताही पंप नाही, वरून पाण्याचा दाब नाही, तरी पाणी वर चढते. परंपरेत याचे स्पष्टीकरण अपानवायूच्या शक्तीने दिले जाई. शरीरशास्त्र जाणणाऱ्याला कदाचित आतड्यांच्या हालचालीची लाट उलट दिशेने फिरत असावी, असे वाटले असते. गुणे यांनी तर्क लढवत बसण्यापेक्षा दाबमापक जोडला. मोठ्या आतड्यात ठेवलेल्या नळीचे दुसरे टोक पाऱ्याच्या दाबमापकाला जोडले, की आतला दाब बाहेर डोळ्यांनी पाहता येतो. साधा श्वास चालू असताना पारा विशेष हलत नसे. उड्डियान करताच तो आतल्या दिशेने ओढला जाई. नौलीच्या वेळी त्याहूनही जास्त. म्हणजेच आतड्यातील दाब वातावरणाच्या दाबापेक्षा कमी झाला होता. तेथे अंशतः निर्वात स्थिती निर्माण झाली होती आणि तिच्यामुळे पाणी वर ओढले जात होते. पेल्यातले सरबत नळीने ओढताना तोंडात जे घडते, तेच येथे उदरात घडत होते. या निर्वाताला त्यांनी आपल्या गुरूंचे नाव दिले. माधवदास निर्वात या नावाने तो योगाच्या शास्त्रीय वाङ्मयात ओळखला जाऊ लागला.

या प्रयोगाचे महत्त्व केवळ बस्तीपुरते नव्हते. स्नायू हलले छातीचे आणि पोटाचे. दाब बदलला आतड्यातला. श्वसनसंस्थेने केलेल्या हालचालीचा परिणाम पचनसंस्थेच्या अगदी शेवटच्या भागात पाऱ्याच्या नळीवर मोजता आला होता. शरीराच्या एका दालनात घडणारी गोष्ट दुसऱ्या दालनापर्यंत पोहोचते कशी, याचे एवढे सोपे आणि स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण. मागासलेली, गूढ म्हणून हिणवली गेलेली एक क्रिया भौतिकशास्त्राच्या साध्या नियमाने उलगडली होती आणि तसे करताना तिचे महत्त्व कोठेही कमी झाले नव्हते.

या अनुभवानंतर त्यांनी आपला मार्ग निश्चित केला. ऑक्टोबर १९२४ मध्ये मुंबई आणि पुणे यांच्या दरम्यान असलेल्या लोणावळ्यात त्यांनी कैवल्यधाम या संस्थेची स्थापना केली. आश्रम, प्रयोगशाळा आणि ग्रंथालय एकाच आवारात, अशी तिची रचना होती. त्याच वर्षी योगमीमांसा हे इंग्रजी त्रैमासिक सुरू झाले. त्याची मांडणी पाहिली म्हणजे संपादकाची दृष्टी ध्यानात येते. एक विभाग शुद्ध शास्त्रीय, दुसरा अर्धशास्त्रीय आणि तिसरा सर्वसामान्य वाचकांसाठी. प्रयोगाचे आकडे एका ठिकाणी, त्यांच्यावरून काढलेले तर्क दुसऱ्या ठिकाणी आणि रोजच्या आचरणाच्या सूचना तिसऱ्या ठिकाणी. सिद्ध झालेली गोष्ट आणि संभवनीय वाटणारी गोष्ट यांची सरमिसळ होऊ नये, याची ही काळजी होती. योगावरील पुष्कळशा लेखनात आजही ही काळजी घेतली जात नाही.

लोणावळ्यात प्रयोगांचा विस्तार झाला. डोके खाली व पाय वर करून केल्या जाणाऱ्या आसनांमध्ये रक्तदाब किती बदलतो, हा त्या काळातील डॉक्टरांचा आक्षेपाचा मुद्दा होता. उलटे उभे राहिल्याने मेंदूतील रक्तवाहिन्यांवर भयंकर ताण पडत असेल, असे म्हटले जाई. शीर्षासन, सर्वांगासन, मत्स्यासन यांच्या वेळी रक्तदाब मोजून त्यांनी या प्रश्नाचा छडा लावण्याचा प्रयत्न केला. आपल्या शरीरातील रक्ताभिसरणाची व्यवस्था विलक्षण दक्ष असते. मानेतील मोठ्या रोहिणीच्या भिंतीत दाबाची जाणीव असणाऱ्या चेतांची टोके असतात. दाब वाढला की ती मेंदूला वर्दी देतात आणि मेंदू हृदयाची गती कमी करून, रक्तवाहिन्या सैल करून तो दाब आवरतो. निरोगी माणूस उलटा उभा राहिला, तरी ही व्यवस्था त्याला सांभाळते. ज्याच्यात ही व्यवस्था बिघडली आहे, त्याचे काय? कुवलयानंदांनी आसनांवरील आपल्या पुस्तकात अशा लोकांना स्पष्ट मनाई केली. ज्यांचा रक्तदाब वाढलेला आहे, हृदय अशक्त आहे, कान वाहतात किंवा डोळ्यांतील सूक्ष्म रक्तवाहिन्या नाजूक आहेत, त्यांनी शीर्षासनाच्या वाटेला जाऊ नये, असे ते बजावीत. आपण ज्या विद्येचा प्रसार करीत आहोत, तिच्यापासून कोणी दूर राहावे, हे सांगण्याचा प्रामाणिकपणा सर्वच प्रसारकांजवळ असतो असे नाही.

या प्रामाणिकपणाची खरी कसोटी प्राणायामाच्या प्रयोगांत लागली. प्राणायामाने शरीराला भरपूर प्राणवायू मिळतो, अशी समजूत तेव्हा सर्वत्र होती; आजही ती ऐकू येते. प्राणायामाचा पुरस्कार करणाऱ्याला याहून सोयीची समजूत दुसरी कोणती असणार? कुवलयानंदांनी मात्र श्वासातून आत जाणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या हवेचे पृथक्करण केले. हिशोब जुळेना. श्वास मंद करून, रोखून धरून केलेल्या प्राणायामात शरीर नेहमीपेक्षा फार जास्त प्राणवायू घेते, असे काही दिसले नाही. ते त्यांनी लिहून प्रसिद्ध केले. प्राणायामाचे मोल प्राणवायूच्या मापात शोधू नये, ते चेतासंस्थेवर होणाऱ्या परिणामात शोधावे, अशी भूमिका त्यांनी घेतली.

आजच्या शरीरशास्त्राच्या दृष्टीने पाहिले, तर त्यांचे हे निरीक्षण किती योग्य होते हे पटते. निरोगी माणसाच्या रोहिण्यांतून वाहणाऱ्या रक्तातील हिमोग्लोबिन स्वस्थ बसलेले असतानाही प्राणवायूने ९५ टक्क्यांहून अधिक भरलेले असते. भरलेल्या घागरीत आणखी पाणी ओतण्यासारखाच तो प्रकार. उलट जोरजोराने श्वास घेत राहिले, तर रक्तातील कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर कमी होतो, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात आणि भोवळ येते. आपण ज्याला निव्वळ टाकाऊ वायू समजतो, तो श्वासाचा ताल आणि मेंदूचा रक्तपुरवठा यांचा नियंत्रक असतो. शरीरात नको असलेले असे फार थोडे असते! मंद श्वासाचा लाभ निराळ्या मार्गाने होतो. श्वास लांबवला, विशेषतः सोडण्याचा काळ वाढवला, की मेंदूपासून हृदय, फुप्फुसे आणि पचनाच्या इंद्रियांपर्यंत गेलेली व्हेगस नावाची लांबलचक चेता अधिक प्रभावी होते आणि हृदयाची गती उतरते. मंद श्वसनाच्या नियमित सरावाने रक्तदाब थोड्या प्रमाणात कमी होऊ शकतो, असे अलीकडच्या अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. चेतासंस्थेकडे बोट दाखवणाऱ्या कुवलयानंदांजवळ हे मोजण्याची आजच्यासारखी साधने नव्हती.

त्यांची सर्वच विधाने मात्र काळाच्या कसोटीवर उतरली असे म्हणता येणार नाही. अंतःस्रावी ग्रंथींचे शास्त्र त्या वेळी बाल्यावस्थेत होते. थायरॉइड ग्रंथीतील थायरॉक्सिन १९१४ साली वेगळे करण्यात आले, तर इन्शुलिन १९२१ साली. नव्या ज्ञानाचा उत्साह सगळीकडे होता. सर्वांगासनात हनुवटी गळ्यावर दाबली जाते आणि रक्तपुरवठा त्या भागाकडे वळतो. त्यामुळे थायरॉइड ग्रंथी सुदृढ होते, असे त्यांनी प्रतिपादन केले. ग्रंथीला रक्त जास्त मिळाले म्हणजे तिचे कार्य सुधारते, असे गृहीत धरता येत नाही. त्या ग्रंथीवर मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीचा अंकुश असतो. सर्वांगासनाने थायरॉइडचे विकार बरे होतात, याला भक्कम पुरावा आजही उपलब्ध नाही. येथे कुवलयानंदांचा तर्क त्यांच्या मोजमापाच्या पुढे धावला, असेच म्हणावे लागते. गंमत अशी, की त्यांचे हे प्रतिपादन लोकांच्या तोंडी राहिले आणि प्राणवायूविषयीचे मोजून काढलेले निरीक्षण मात्र लोक विसरले.

लोणावळ्याच्या या प्रयोगशाळेची कीर्ती दूरवर पसरू लागली. १९२७ साली महात्मा गांधींना रक्तदाबाचा त्रास झाला, तेव्हा प्रकृतीसंबंधी त्यांचा कुवलयानंदांशी पत्रव्यवहार झाला. अमेरिकेतील येल विद्यापीठात मानसशास्त्राचा अभ्यास करणारे केरळचे कोवूर बेहनन १९३०च्या दशकाच्या आरंभी लोणावळ्यात येऊन राहिले, स्वतः साधना शिकले आणि परत जाऊन त्यांनी स्वतःच्याच शरीरावर प्रयोग केले. योगाचे शास्त्रीय मूल्यमापन करणारा त्यांचा ग्रंथ १९३७ साली प्रसिद्ध झाला. प्राणायामाच्या प्रकारांत प्राणवायूचा वापर किती होतो, याविषयीचे त्यांचे आकडे कुवलयानंदांच्या निष्कर्षांशी तंतोतंत जुळत नव्हते. एकाच प्रश्नावर गुरुशिष्यांची मोजमापे वेगळी यावीत आणि दोन्ही छापली जावीत, ही शास्त्राची रीत आहे. भारतीय योगाच्या क्षेत्रात ती या निमित्ताने रुजली.

मुंबईकरांसाठी १९३२ साली सांताक्रूझ येथे शाखा निघाली. ती १९३६ साली चौपाटीजवळ हलवण्यात आली आणि ईश्वरदास चुनीलाल यौगिक आरोग्य केंद्र या नावाने प्रसिद्ध झाली. शाळांमध्ये सामुदायिक रीतीने करता येतील अशा योगव्यायामांची आखणीही त्यांनी केली. माणिकरावांच्या आखाड्यात घेतलेले धडे येथे कामी आले. लोणावळ्यात १९५१ साली गोरधनदास सेक्सरिया महाविद्यालय उभे राहिले. हठयोगाच्या जुन्या हस्तलिखितांचे संशोधन आणि संपादन हेही काम चालू होते; संस्कृतची शिष्यवृत्ती मिळवलेला विद्यार्थी त्यांच्यात शेवटपर्यंत जागा होता. हा साधक एकाच दिवशी पोथीतील पाठभेद तपासत असे आणि रक्तदाबाचे आकडेही पाहत असे.

आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यावर त्यांनी रोगांकडे अधिक लक्ष दिले. दमा, बद्धकोष्ठ, अपचन, निद्रानाश यांसारखे जुनाट विकार एखाद्याच इंद्रियाचे नसतात, हे त्यांच्या ध्यानात आले होते. दम्याचा रोगी घ्या. त्याच्या श्वासनलिका आकसतात हे खरे. पण धाप लागल्याने मान व खांद्यांचे स्नायू ताठरतात, भीतीने हृदय धडधडते, झोप उडते, अन्नावरची वासना जाते आणि थकलेल्या शरीरात पुढचा झटका अधिक तीव्र वाटतो. एका संस्थेचा बिघाड बाकीच्या संस्थांना आपल्यासोबत ओढतो. अशा रुग्णांना औषधासोबत श्वासाचे शिक्षण, स्नायूंना विश्रांती आणि आहाराची शिस्त देऊन काय साधते, हे पाहण्यासाठी १९६१ साली लोणावळ्यात श्रीमती अमोलकदेवी तीरथराम गुप्ता यौगिक रुग्णालय सुरू करण्यात आले. डॉ. विनेकर यांच्यासह त्यांनी लिहिलेले योगोपचारावरील पुस्तक भारत सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने १९६३ साली नवी दिल्लीतून प्रसिद्ध केले. बडोद्याच्या रुग्णालयात मोजक्या विद्यार्थ्यांसह सुरू झालेला अभ्यास चार दशकांनंतर सरकारी प्रकाशनापर्यंत पोहोचला होता.

या पुस्तकातही चमत्काराच्या कथा नाहीत. पाण्यावर चालणारे, हृदय बंद पाडणारे योगी यांविषयी लोकांना फार कुतूहल असते आणि असे दावे करणारी माणसे त्या काळातही कमी नव्हती. कुवलयानंदांनी आपल्या संस्थेला या बाजारापासून दूर ठेवले. देणग्यांवर चालणाऱ्या संस्थेला हे सोपे गेले नसेल. चमत्काराला गर्दी जमते. दाबमापकातील पाऱ्याची हालचाल पाहायला कोणी येत नाही.

१८ एप्रिल १९६६ रोजी स्वामी कुवलयानंदांचे निधन झाले. त्या वेळी ते ब्याऐंशी वर्षांचे होते. त्यांच्या सहकाऱ्यांनी आणि शिष्यांनी प्रयोगशाळेचे काम पुढे चालू ठेवले. ऑगस्ट २०१९ मध्ये भारतीय टपाल खात्याने भारतीय उपचारपद्धतींतील थोर व्यक्तींवर बारा टपाल तिकिटांचा संच काढला, त्यात एक तिकीट कुवलयानंदांचे होते. २०२४ साली कैवल्यधामाला शंभर वर्षे पूर्ण झाली. योगमीमांसा आजही प्रसिद्ध होते आणि तिच्या पहिल्या खंडात, १९२४ सालच्या पानांवर, माधवदास निर्वाताचे प्रयोग वाचायला मिळतात.